गाडी दुरुस्त होईपर्यंत

४ जून

चि. नटबोल्ट यास,

अनेक आशीर्वाद. आजवर दिलेल्यांचा काही उपयोग झालेला दिसत नाही, तरी देते.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपल्यापैकी कोणीतरी फोन आपटतं. पत्रात आपटायला काही नसतं आणि माझं बोलणं मध्येच तोडता येत नाही. तुलाही वाचावंच लागेल.

विषय नानांची गाडी. दर रविवारी नानांचा फोन येतो. आधी पाच मिनिटं माझी तब्येत, मग पंचवीस मिनिटं गाडीची. "उभी असली की थरथरते, चालायला लागली की गप्प." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की परवा शाळेत प्रार्थनेच्या वेळी तेच तोंडात आलं. ते मला सांगतात, तुझ्या भाऊजींना सांगतात, आणि मागच्या आठवड्यात चुकून लागलेल्या नंबरवरच्या बाईंनाही सांगितलं. त्या बिचाऱ्या दहा मिनिटं ऐकत होत्या.

तू म्हणे इंजिनाखालची रबरं बदललीस. मग थरथरतं काय? बावीस वर्षं गॅरेज चालवतोस. ज्या माणसानं अर्ध्या गावाला गाडी शिकवली, तुला आणि मलाही शिकवली, त्याची एकुलती एक गाडी तुला धड बसवता येऊ नये? नाना म्हणाले, "त्याचं काम पहिल्यापासून ढिलंच." मी बाजू घेतली नाही. घेण्यासारखं काही सापडलं नाही.

एप्रिलमध्ये ते माझ्याकडे महिनाभर राहायला आले होते, अकराव्या दिवशी निघाले. मी काही बोलले नव्हते. "गाडी उभी राहून खराब होईल," म्हणाले. म्हणजे तुझ्या कामामुळे माझा बाप माझ्याकडे राहत नाही, असा हा हिशेब आहे.

ताई

*

१३ जून

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. गाडीखाली असतानाच पत्र आलं, त्यामुळे साष्टांग खरंच घडला.

तू मुख्याध्यापिका आहेस, तेव्हा उत्तर सविस्तर लिहितो. लाल शाई तयार ठेव.

गाडी एकतीस वर्षांची, डिझेल. डिझेलचं इंजिन जन्मतःच हातपाय झाडतं. त्याचं झाडणं गाडीच्या अंगाला लागू नये म्हणून ते लोखंड आणि रबराच्या तीन उशांवर बसवलेलं असतं : उजवी, डावी, मागची. आम्ही त्याला फाउंडेशन म्हणतो. मार्चमध्ये नानांनी तक्रार केली तेव्हा उजवं फाटलेलंच होतं. वरच्या झाकणातून इंजिन ऑइल ठिबकत होतं, आणि तेलात भिजलेलं रबर चिखलासारखं होतं. मी म्हटलं, तिन्ही बदलू. एकच नवं घातलं तर म्हाताऱ्या दोघांचं ओझं त्याच्यावर पडतं आणि तेही वर्षभरात बसतं. नाना म्हणाले, "बाकीची माझ्यानंतरही टिकतील. एकच बदल." मी ऐकलं. ही माझी पहिली चूक, लिहून घे.

मे महिन्यात परत तक्रार. मग मी तिन्ही बदलली. झाकणाचं गॅसकेट नवं घातलं, सगळं तेल धुऊन काढलं, आणि पुन्हा कधी ठिबकलंच तर रबरावर पडू नये म्हणून उजव्या फाउंडेशनवर पत्र्याची पन्हळ करून बसवली. बोल्ट आधी हातानंच लावले. इंजिन चालू करून त्याला त्याच्या जागी नीट बसू दिलं आणि मगच आवळले. बरेच लोक आधीच आवळून टाकतात, मग रबर जन्मभर मान वाकडी करून राहतं. ही पद्धत मला नानांनीच शिकवली होती.

शेवटी बॉनेटवर पाण्याचा भरलेला ग्लास ठेवला. पाणी हललं नाही असं म्हणणार नाही. पण थेंब सांडला नाही.

मग नाना बसले. त्यांचं आसन तुला माहीत आहे : पाठ ताठ, उजवा हात स्टिअरिंगवर, डावा गिअरवर. दोन मिनिटं डोळे मिटून बसले आणि गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं उभी असताना म्हणाले, "थरथरतेच आहे." त्या चारांपैकी एकानं स्वतःच्या गाडीची किल्ली हळूच माझ्या टेबलावरून उचलली आणि "उद्या आणतो" म्हणून गेला. त्याचा उद्या अजून उजाडलेला नाही.

भाऊजींना नमस्कार. त्या चुकीच्या नंबरवाल्या बाईंनाही.

नटबोल्ट

*

३ जुलै

नटबोल्ट,

तुझं पत्र वाचलं. शुद्धलेखन सुधारलंय. गाडीबद्दल तसं म्हणता येत नाही.

भाऊजींच्या ऑफिसातल्या एका साहेबांकडे अशीच जुनी डिझेल गाडी आहे. त्यांनी एका वाक्यात सांगितलं : बाजारू रबर. वरून सारखंच दिसतं, आत माती. मूळ कंपनीचं घातलं की प्रश्नच उरत नाही. ते साहेब गाडीचं बॉनेटही स्वतः उघडत नाहीत, पण निदान त्यांना प्रश्न कळला.

मी मूळ कंपनीचा सेट मागवून तुझ्याकडे पाठवते आहे. तीन नग, सीलबंद. उपकार समजू नकोस, कृपा करून फक्त नीट बसव. आणि खरं सांगू का, मला वाटतं तुझंच लक्ष उडालंय. पन्नाशी आली की माणसाच्या हातात पूर्वीची पकड राहत नाही. माझंही फळ्यावरचं अक्षर हलतं हल्ली. कबूल करण्यात लाज कसली? एखाद्या चांगल्या माणसाच्या हाताखाली ते काम करून घे.

परवा तुमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची बायको मला एका लग्नात भेटली. म्हणाली, "तुमच्या भावाला म्हणे वडलांचीच गाडी जमत नाही?" मी हसले. हसण्याशिवाय काय करणार? आपलं नाव तिथपर्यंत पोचलंय, तुझ्यामुळे.

ताई

*

२२ जुलै

ती. ताईस,

सेट मिळाला. तिन्ही नग बसवले. माल उत्तम आहे, साहेबांना सांग.

नाना म्हणतात, अजून थरथरते.

यापुढे काही पाठवू नकोस. कोणाला विचारू नकोस. माझं काम ढिलं आहे हे तुझं म्हणणं मी मान्य करतो. कोणी विचारलं तर तूही तेच सांग.

नानांचा गुडघा दुखत होता, डॉक्टरकडे नेऊन आणलं. गोळ्या दिल्यात. काळजीचं काही नाही.

नटबोल्ट

*

५ सप्टेंबर

नटबोल्ट,

आशीर्वाद वगैरे मागाहून.

मी दोन दिवस तिकडे येऊन गेले. तू दोन्ही दिवस माझ्या नजरेला नजर दिली नाहीस. वहिनी चहा ठेवून आत गेली ती गेलीच. तेव्हा मला वाटलं, जुलैमध्ये चूक कबूल केलीस त्याची लाज वाटत असेल. मी मनातल्या मनात तुला माफही करून टाकलं होतं. घाई केली.

कारण काल निघण्याआधी, तू गॅरेजमध्ये असताना, मी नानांबरोबर गाडीत बसले. त्यांनी अंगणातच इंजिन चालू केलं. अरे, ती गाडी आहे की पिठाची चक्की? गिअरचा दांडा नाचत होता. काचा वाजत होत्या. आरशात मला स्वतःचं तोंड धड दिसेना, चार-चार ताया दिसत होत्या. नाना स्टिअरिंग धरून बसले होते, त्यांचे हात कोपरापर्यंत हलत होते. मला म्हणाले, "बघितलंस? सहा महिने झाले, त्याला जमत नाहीये. दुरुस्त होईपर्यंत मी रस्त्यावर काढणार नाही." आणि वर हसत होते. बापाचं मन, मुलाची लाज झाकत होते.

मी माहिती काढल्याशिवाय बोलत नाही. नाना आत गेल्यावर कोपऱ्यापलीकडच्या गॅरेजवाल्याला आणून खाली बघायला लावलं. तो म्हणाला, "ताई, डावं आणि मागचं जुनं आहे. लाकूड झालंय त्याचं. नवं फक्त उजवं." मी तीन नग पाठवले होते. सीलबंद!

कुठे गेले दोन? कुठल्या गिऱ्हाइकाच्या गाडीखाली बसलेत ते? बापाच्या गाडीतलं काढून तू दुसऱ्याच्या गाडीला घातलंस. लहानपणी माझ्या कंपासपेटीतलं कर्कटक काढून विकलं होतंस तेव्हाच ओळखायला हवं होतं.

नानांना मी काही सांगितलेलं नाही. त्यांचं काळीज फाटेल. पण नाना आता माझ्याकडे येतील, आणि ती गाडी मोडीत जाईल. याला तुझी संमती मी विचारत नाहीये.

ताई

*

१४ सप्टेंबर

ताई,

दोन्ही नग माझ्या गॅरेजच्या फळीवर आहेत, तुझ्याच खोक्यात. खोक्यावर तुझं ३ जुलैचं पत्र ठेवलंय, धूळ बसू नये म्हणून. येशील तेव्हा मोजून घे. कर्कटक मी विकलं नव्हतं. नानांनीच गाडीच्या पंख्याचा पट्टा सरळ करायला वापरलं होतं आणि मोडलं होतं. मी तेव्हाही गप्प बसलो होतो, कारण मार मला पडला तर तो अर्ध्या तासात संपतो.

आता नीट वाच.

वीस जुलैला तुझा सेट बसवला. तिन्ही. बॉनेटवर ग्लास ठेवला, पाण्याला कंटाळा येईल इतकं ते शांत होतं. नाना बसले. डोळे मिटले. मी म्हटलं, यावेळी तरी. नाना म्हणाले, "बंद कर." मी हात घालून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. आणि गिअरच्या दांड्याच्या गोट्याचा टकटक आवाज येतच राहिला.

इंजिन बंद होतं, ताई.

नानांचा डावा हात गोट्यावर होता. अंगठा आणि बोट, विडी वळावी तसं चाललं होतं. मी हाताकडे बघितलं. नानांनी मला बघताना बघितलं. मग ते म्हणाले, "बघ. अजून आहे." मी म्हटलं, "हो नाना. मागचं परत काढून बघतो."

गुडघा वगैरे काही नव्हता. डॉक्टरनं त्यांना हात मांडीवर सैल ठेवायला सांगितले, तर त्यांनी खिशात घातले. मग पेन उचलायला सांगितलं. दगडासारखा स्थिर हात. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "हा कंपवात. या आजारात हात स्वस्थ असला की कापतो, कामाला लागला की थांबतो."

उभी असली की थरथरते, चालायला लागली की गप्प. पाच महिने हेच वाक्य मी ऐकत होतो आणि गाडीखाली शिरत होतो. दुसऱ्या कुठल्या घरात कोणीतरी म्हाताऱ्याच्या हाताकडे बघितलं असतं. आपण पडलो गाडीवाले. खरं तर मार्चमध्ये दोघंही थरथरत होते, गाडीही आणि नानाही. मी एकीला दुरुस्त केलं आणि स्वतःची पाठ थोपटली.

डॉक्टरनं नानांना सांगितलं, यापुढे गाडी चालवायची नाही. मला वाटलं, आता इथेच काहीतरी कोसळणार. नाना शांतपणे म्हणाले, "माझी गाडी दुरुस्तीला आहे. ती होईपर्यंत मी तशीही रस्त्यावर काढत नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हा माझा मुलगा. पाच महिने झाले, याला जमत नाहीये."

जमत नाहीये, ताई. कळलं?

मी घरी आलो आणि भंगाराच्या पिंपातून जुनी दोन काढली, डावं आणि मागचं. बसून बसून अर्ध्या उंचीची झालेली, नख खुपसलं तर नख मोडेल. उजवं जुनं घालायची सोय नव्हती. ते इतकं फाटलं होतं की इंजिन अंगणात उतरलं असतं. म्हणून ते तुझंच ठेवलं. बावीस वर्षांत मी पहिल्यांदा चांगला माल काढून वाईट बसवला. आणि बोल्ट इंजिन बसायच्या आधीच आवळले. थोडी जास्त थरथर मिळते त्यानं.

आता रोज सकाळी आम्ही अंगणात ट्रायल घेतो. नाना त्यांच्या जागी, मी शेजारी. शिकवण्याच्या गाडीतला तो दुसरा ब्रेक नानांनी कधी काढू दिला नव्हता, आता त्याच्यावर माझा पाय असतो. फाटकापर्यंत जायचं आणि रिव्हर्समध्ये परत. मग उभी गाडी, चालू इंजिन, दहा मिनिटं. काचा वाजतात, आरसा हलतो, दांडा नाचतो, मी हलतो, नाना हलतात. दिवसभरात ती दहा मिनिटंच त्यांचे हात खिशाबाहेर असतात. शेजारचे भिंतीवरून विचारतात, "काय नाना, झाली का?" नाना ओरडतात, "कसली होतेय! पोरगं बिनकामाचं निघालं!" आणि अशा वेळी त्यांचा चेहरा, कसं सांगू, चांगला दिसतो.

अशा रबरांवर गाडी चालवली की बाकीचं तुटतं. सायलेन्सरचा पट्टा दोनदा तडकला, मी दोनदा वेल्डिंग केलं. डिझेलची नळी घासते, तिला सायकलची ट्यूब गुंडाळली. दर आठवड्याला खाली शिरून काय काय सैल झालंय ते बघतो. गाडी बिघडलेली ठेवणं किती कामाचं असतं हे मला या वयात कळलं.

बाकी, गिऱ्हाईक अर्ध्यावर आलंय. ज्याला बापाची गाडी जमत नाही त्याच्याकडे आपली कोण देईल? बरोबरच आहे त्यांचं. तू ज्याला खाली बघायला बोलावलंस, त्याच्याकडे जातात आता. परवा पान्यांच्या पेटीवर बसून चहा पीत होतो तर हिनं विचारलं, "आणि नाना गेल्यावर? तेव्हा सांगाल का लोकांना?" मी म्हटलं, तेव्हा कोणी विचारणार नाही.

आता तू त्यांना घेऊन जा आणि गाडी मोडीत काढ. मोडीत निघालेली गाडी दुरुस्तीला नसते. मग ते गाडी का चालवत नाहीत, हे तू लोकांना सांग.

नटबोल्ट

*

२७ सप्टेंबर

नटबोल्ट,

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस शाळेत गेले नाही. सर्दी सांगितली.

मी एप्रिलमध्ये काही बोलले नव्हते असं तुला लिहिलं होतं. ते खोटं आहे.

दहाव्या दिवशी माझ्याकडे शाळेचे ट्रस्टी चहाला आले होते. नानांना मी मुद्दाम समोर बसवलं, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी कप घेतला. उचलताना ठीक होता. मग बोलता बोलता तो हातात नुसता धरून बसले, आणि बशीवर तो असा वाजायला लागला की सगळे तिकडेच बघायला लागले. चहा पॅंटवर सांडला. मी म्हटलं, "नाना, लहान मूल आहात का?" सगळ्यांसमोर. शाळेतल्या आवाजात. तुला माहीत आहे तो आवाज.

त्यांनी कप खाली ठेवला. रात्री जेवताना हात टेबलाखाली होते, फक्त घास घ्यायला वर यायचे. मी ते बघितलं आणि मला वाटलं, रुसलेत. दुसऱ्या दिवशी बॅग भरली. दारात म्हणाले, "गाडी उभी असली की थरथरते गं. नटबोल्टला दाखवतो."

मला सांगत होते. आणि मी तुला पत्रं लिहीत बसले.

त्यांना इकडे आणायचं मी म्हणाले होते, ते सोड. माझ्याकडे कप आहेत, बश्या आहेत, ट्रस्टी आहेत. थरथरणारी गाडी नाही.

औषधवाल्याच्या बायकोला फोन करून सगळं सांगून टाकावं असं दहा वेळा मनात आलं. तुझ्यासाठी. दहाही वेळा फोन ठेवून दिला. तुझं नाव धुवायचं तर नानांचे हात दाखवावे लागतात. तू हे जुलैमध्येच ओळखलंस, मला दहा फोन लागले.

तुझ्याबद्दल जे लिहिलं त्याची माफी मागायची मला सवय नाही, तू जाणतोसच. एवढंच सांग. परवा रविवार आहे. त्यांचा फोन येईल. "नटबोल्टला अजून जमली नाही गाडी," म्हणतील. मी काय बोलू?

ताई

*

३ ऑक्टोबर

ती. ताईस,

तुझं पत्र रविवार उलटल्यावर पोचलं. तुझा फोन मात्र मी ऐकला. नाना म्हणाले, "अजून जमली नाही त्याला." तू म्हणालीस, "असू दे नाना, प्रयत्न करतोय तो."

ताई, असं करू नकोस. फोन ठेवल्यावर नाना दिवसभर अस्वस्थ होते. मला दोनदा विचारलं, "ताई असं का बोलली? तिला कोणी काही सांगितलंय का?" दुसऱ्या दिवशी ट्रायलला बसलेच नाहीत. हात खिशात घालून अंगणात उभे होते आणि इंजिन एकटंच थरथरत होतं.

येत्या रविवारी नीट बोल. शाळेतल्या आवाजात. त्याच्यासारख्या बिनकामाच्या माणसाला गॅरेज कोणी काढू दिलं, वगैरे. कर्कटकाचंही काढ, त्याला ते फार हसतात. जुनी सवय आहे तुझी, अवघड जाणार नाही.

आणि मोठ्यानं बोल. फोन हातात धरवत नाही त्यांना, स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवतात. मी शेजारीच बसलेला असतो. कमी पडलं तर मला कळेल.

नटबोल्ट